साईनाथची झोप

कोपर, डोंबिवली पश्चिम
१८ नोव्हेंबर २०२४

मेघना,

मायन्यात काय घालावं हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर दोन निळ्या खुणा येऊन थांबतात, तेव्हा हे पोस्टाने पाठवते आहे.

काम एवढंच. बालवर्गाच्या जागेचा करार डिसेंबरात संपतो. त्यावर अजून आपल्या दोघी बहिणींची नावं आहेत. मालक म्हणतात, नवा करार एकटीच्या नावावर करायचा तर दुसरीची ना-हरकत लागेल. कागद सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव.

बाकी सगळं नीट चाललं आहे. यंदा एकतीस मुलं आहेत. तू गेल्यावर दोन बायका ठेवल्या, त्यातली एक टिकली. ती गाणी चांगली म्हणते पण मुलांची नावं विसरते. तुझ्या घोडबंदर रोडच्या शाळेत म्हणे पडलं तरी लागू नये म्हणून रबराची जमीन आहे. आमच्याकडे सतरंजीच आहे. मुलं पडतात आणि उठतात.

छोट्या गटात वल्लरी नावाची एक मुलगी आली आहे. चार वर्षांची. आई-वडील दोघं नोकरी करणारे, घर चांगलं. मुलगी मात्र कठीण. सकाळी येते तीच कुरकुरत, दहा वाजेपर्यंत दोघांना ढकललेलं असतं. साडेअकराला घसरगुंडीच्या पायरीवर बसल्याबसल्या डोळे मिटते. उठवलं की समोर येईल त्याला मारते. गेल्या आठवड्यात तिने एका मुलाच्या हातातला डबा हिसकावून भिंतीवर फेकला. पोहे सगळीकडे. तिच्या आईला बोलावून मी सांगितलं आहे, की घरी थोडी शिस्त लावा.

हे तुला का लिहिलं माहीत नाही. कागद तेवढा पाठव.

सुहासिनी


१६ डिसेंबर २०२४

मेघना,

सही केलेला कागद मिळाला. आभार.

कागदाला टाचलेली पिवळी चिठ्ठीही मिळाली. दीड वर्षानंतर तू मला तीन शब्द लिहिलेस: ‘घोरते का, विचार.’ खरं सांगते, मला राग आला. बावीस वर्षं मी ही शाळा चालवते आणि घोरण्याचा संबंध पोहे फेकण्याशी लावायला मला तुझी चिठ्ठी लागावी!

चिठ्ठी चार दिवस टेबलावर पडून होती. पाचव्या दिवशी वल्लरीची आई आसावरी तिला न्यायला आली, तेव्हा जाता जाता विचारलं.

ती हसायलाच लागली. “मॅडम, अहो ट्रॅक्टर आहे ट्रॅक्टर! हिच्या बाबांनी व्हिडिओ काढलाय. आमच्या फॅमिली ग्रुपवर फेमस आहे ती.”

तिने दाखवला. मुलगी उताणी, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. घोरण्याचा आवाज मोठ्या माणसासारखा. मागून कुणाचं तरी हसू ऐकू येतं. मग मधेच घोरणं थांबतं. छाती हलते आहे, बरगड्या आत ओढल्या जात आहेत, पण आवाज नाही. मग एकदम ती धाप टाकते, कूस बदलते आणि पुन्हा सुरू.

मी म्हटलं, “परत लावा.”

दुसऱ्यांदा पाहताना आसावरी हसत नव्हती. “हे मधे थांबतं ते... असं रोज होतं?” मी विचारलं. ती म्हणाली, “रोजच. पण मॅडम, ती उठत नाही हां. झोपलेली असते.”

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, एवढंच मी म्हटलं. त्याहून जास्त मला माहीत नव्हतं.

साईनाथचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण चिठ्ठी लिहिताना तुझ्या मनात तोच होता, हे कळण्याइतकी मी तुझी बहीण आहे. तेव्हा एकदा लिहून टाकते. साईनाथ साडेचार वर्षांचा होता. आठ महिन्यांत त्याने सोळा मुलांना मारलं, चौघांना चावला. फेब्रुवारीत त्याने एका मुलीच्या गालाचा चावा घेतला, तिच्या वडिलांनी गालाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत सात घरांनी लिहिलं, की तो राहणार असेल तर आमची मुलं येणार नाहीत. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? तू म्हणालीस, “ताई, तो वाईट नाहीये, दमलेला आहे.” मी म्हटलं, “दमलेली मुलं झोपतात, चावत नाहीत.” त्यावर तू मार्चअखेरपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोललीस आणि एप्रिलमध्ये गेलीस.

त्या वेळी जे समोर होतं त्यावर मी त्याला काढायचा निर्णय घेतला. कुणी मला काही सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

सुहासिनी


३ फेब्रुवारी २०२५

मेघना,

तुला वल्लरीचं कळवणं योग्य वाटतं, कारण चिठ्ठी तुझी होती.

डॉक्टरांकडे आसावरीने मलाही नेलं. शाळेत ती कशी वागते ते त्यांना शिक्षिकेच्या तोंडून ऐकायचं होतं. कल्याणला दवाखाना. डॉक्टर साठीच्या बाई, बोलणं कमी. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि नाकाच्या मागची एक जागा पेनने दाखवली. तिथे गाठीसारखा एक भाग असतो, अ‍ॅडेनॉइड. वल्लरीचा इतका वाढलेला, की हवेला वाट जेमतेम होती. टॉन्सिलही मोठे. रात्री मूल आडवं झालं की वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू त्याला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो. रात्रभर हेच. दहा तास अंथरुणात असतं पण झोप होत नाही.

मी म्हटलं, “पण डॉक्टर, मग ती दिवसभर पेंगायला हवी. ही तर सतत उधळलेली असते.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही दमलात की पेंगता. एवढं मूल दमलं की उधळतं. झोप येऊ नये म्हणून शरीर त्याला पळवत राहतं. पळणारं मूल दमलेलं असेल हे कुणाला सुचत नाही, म्हणून ती माझ्याकडे येतात तेव्हा आधी तीन शाळा बदललेल्या असतात.”

आसावरीने विचारलं, “म्हणजे माझी मुलगी हट्टी नाहीये?”

“थोडी असेल,” डॉक्टर म्हणाल्या. “झोपल्यावर कळेल किती.”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दोन आठवडे ती घरी होती. परत आली तेव्हा पहिले काही दिवस मला फरक दिसला नाही, आणि खोटं कशाला, थोडं बरंच वाटलं. गेल्या आठवड्यात मात्र एक दिवस साडेअकराला माझ्या लक्षात आलं की आज वल्लरीचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही. ती कोपऱ्यात बसून ठोकळ्यांचं काहीतरी करत होती. एका मुलाने तिचा ठोकळा घेतला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझा आहे तो.” बस्स. हात उचलला नाही. बाईंनी मला खूण केली, मी मान हलवली, आणि दोघी आपापल्या कामाला लागलो.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मी आता तीन प्रश्न घातले आहेत. मूल किती वाजता झोपतं, घोरतं का, रात्री किती वेळा उठतं. आत्ताच्या पालकांनाही तेच विचारलं, आणि लगेच एक गोष्ट कळली. मोठ्या गटातला एक मुलगा, जो रोज कुणाला ना कुणाला ओरबाडतो, तो रात्री बारापर्यंत जागा असतो. वडील साडेअकराला घरी येतात आणि त्यांना मुलाशी खेळायचं असतं. त्याच्या नाकात काही नाही. त्या वडिलांना सकाळी खेळा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, सकाळी तो झोपलेला असतो. मी म्हटलं, तेच तर.

तू विचारशील म्हणून लिहिते. साईनाथच्या घरच्यांचा ठावठिकाणा माझ्याकडे नाही. ते इथली खोली सोडून गेले एवढंच माहीत आहे.

ताई


२४ फेब्रुवारी २०२५

मेघना,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

पत्ता फाईलमध्ये होता. शाळा सोडल्याचा कागद घ्यायला साईनाथचे वडील आले, तेव्हा त्यांनी कल्याणचा नवा पत्ता लिहून दिला होता. फाईल कपाटात कुठे आहे हेही मला माहीत होतं. वल्लरीचा व्हिडिओ पाहिला त्याच दिवसापासून माहीत होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. कल्याणला बाजार समितीच्या मागे चाळ आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर. त्याचे वडील मारुती बाजारात टेम्पो चालवतात, ते पहाटे तीनला जातात आणि दुपारी येऊन झोपतात. आई संचिता घरीच पापड लाटते. मला दारात बघून तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही.

“मॅडम? काय झालं? आता काय केलं त्याने?”

दोन वर्षांनी एखादी बाई दारात आली आणि आईने हा पहिला प्रश्न विचारला, यावरून त्या दोन वर्षांत त्या दारात काय काय आलं असेल ते तू समज.

साईनाथ घरात नव्हता. मारुती आतल्या बाजूला पांघरूण घेऊन झोपले होते. संचिता हळू आवाजात बोलत होती. साईनाथ पहिलीत आहे. शाळेत त्याला वेगळ्या बाकावर एकट्याला बसवतात. दोनदा मधूनच घरी पाठवलं. वर्गात झोपतो म्हणून उभं करतात, उभ्याने झोपला म्हणून बाहेर काढलं. घरी मारुती पट्ट्याने मारतात. तिने हे सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

मी विचारलं, “तो रात्री घोरतो का?”

तिने लाटणं खाली ठेवलं.

“मी तुम्हाला सांगितलेलं, मॅडम.”

आता हे तुला लिहायचं आहे, ज्यासाठी आज बसले आहे. तिने खरंच सांगितलं होतं.

तू चुलत भावाच्या लग्नाला नाशिकला गेली होतीस, ते दोन दिवस. गालाच्या प्रकाराच्या आठवडाभर आधी. मुलांना सोडण्याची वेळ होती. संचिता गेटपाशी थांबली, बाकीचे पालक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हा रात्री झोपतच नाही. तोंड उघडं टाकून घोरतो, मधेच दचकून उठून बसतो, घामाने चिंब होतो. अंथरूण पण ओलं करायला लागलाय परत. कुठल्या डॉक्टरला दाखवू?”

मी म्हटलं, “मोबाईल बंद करा, वेळेवर झोपवा, शिस्त लावा. सगळं थांबेल.”

तिच्या हातात बटणांचा फोन होता, मेघना. तो तिने पोराला काय बघायला दिला असता? मी तिच्या हाताकडे बघून हे बोलले. आणि मग सात पालकांचे मेसेज आले तेव्हा हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याला डॉक्टरकडे नेलं असतंस आणि मला त्याला ठेवावं लागलं असतं. मला त्याला ठेवायचं नव्हतं. तो झोपला की वर्ग शांत व्हायचा आणि मी मदतीच्या मावशींना सांगायचे, उठवू नका. एवढंच माझं त्याच्या झोपेकडे लक्ष होतं.

संचिताला मी म्हटलं, “हो, तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही.” मग वल्लरीबद्दल सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. ती ऐकत होती. मधेच उठून तिने एक पापड उलटा केला. मग म्हणाली, “म्हणजे हे दोन वर्षं आधी होऊ शकत होतं.”

“हो.”

“आणि आम्ही त्याला मारत होतो.”



आवाजाने मारुती जागे झाले. उठून बसले, मला ओळखलं. “तुमच्या शाळेने काढला तेव्हापासून पोरगं वाया गेलं,” ते म्हणाले. “आता काय घ्यायला आलात?” मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. “ऑपरेशन? पोराला चिरायचं? तुमच्या सांगण्यावरून? तुमच्या सांगण्यावरून आम्ही लय शिस्त लावली मॅडम. बस झालं.”

मी डॉक्टरांचा पत्ता कागदावर लिहून पाटाखाली ठेवला आणि निघाले. जिन्यात एक मुलगा वर येत होता, शर्ट बाहेर, तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं. त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला हाक मारली नाही.

ताई


१७ एप्रिल २०२५

मेघना,

काल संचिताचा फोन आला. त्यातून मला दोन गोष्टी कळल्या.

एक म्हणजे तू कल्याणला जाऊन आलीस. तीन वेळा. मला कळवायची तुझ्यावर सक्ती नाही, तेव्हा तक्रार करत नाही. दुसरं, साईनाथला त्या डॉक्टरबाईंनी तपासलं आहे. वल्लरीपेक्षा वाईट आहे. परीक्षा संपल्यावर, मेच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन करायचं ठरलं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांच्या ओळखीने सोय झाली आहे.

मी विचारलं, मारुती तयार कसे झाले. संचिता म्हणाली, “मेघना मॅडमनी त्यांना काही समजावलं नाही. त्या म्हणाल्या, एक दिवस रात्री तुम्ही जागे राहा आणि पोराशेजारी बसा. फक्त बसा. हे तीनला निघतात ना, त्याच्या आधी दोन तास बसले. मी झोपलेले. उठून बघते तर हे पोराच्या तोंडाजवळ कान लावून बसलेले. म्हणाले, संचिते, हा मधे मरतो गं. मरतो आणि परत येतो.”

त्या दिवशी मारुती कामावर गेले नाहीत. सकाळी डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

मी तिकडे जाऊन बोलले ती माहिती होती. तू त्यांना ऐकायला बसवलंस. हा फरक माझ्या लक्षात आला आहे. स्तुती म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या दिवशी मी जाऊ का, असं मी संचिताला विचारलं. ती म्हणाली, “नको मॅडम. त्या दिवशी नको.” तू गेलीस तर बरं.

पालकसभेत मी यंदा दोन्ही मुलांची गोष्ट सांगितली. नावं न घेता. पहिल्या मुलाचं काय केलं तेही सांगितलं. गाल चावलेल्या मुलीचे वडील समोर बसले होते, त्यांची धाकटी आता आपल्याकडे आहे. सभा संपल्यावर ते आले आणि म्हणाले, “तो फोटो मी टाकायला नको होता.” मी म्हटलं, “फोटो तुम्ही टाकलात. शाळेतून त्याला काढलं मी.” दोन पालकांनी पुढच्या वर्षीचा प्रवेश दुसरीकडे घेतला. तेही बरोबरच आहे. त्यांना चुका न करणारी बाई हवी असणार.

ताई


२९ जून २०२५

मेघना,

ऑपरेशन नीट झालं, तू तिथे होतीस, तेव्हा ते सोडून पुढचं लिहिते. संचिताने मला जूनच्या सुरुवातीला स्वतःहून फोन केला. आवाज थकलेला होता. मला वाटलं, काही बिनसलं. मग म्हणाली, “मॅडम, मला झोप लागत नाहीये. आवाजच येत नाही ना. सहा वर्षं तो आवाज ऐकत झोपले. आता एवढं शांत असतं की मी उठून उठून त्याच्या छातीवर हात ठेवते. हलते. परत झोपते. परत उठते.”

मी म्हटलं, “सवय होईल.”

“होऊ दे की हळूहळू,” ती म्हणाली, आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आज त्यांच्याकडे जाऊन आले. या वेळी तिने बोलावलं होतं. तुला सगळं चांगलंच कळवावं असं वाटत होतं, पण जसं आहे तसं लिहिते.

अंथरूण ओलं होणं थांबलं आहे. वजन दीड किलो वाढलं. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले, दुसरीच्या बाईंना आधीचं काही सांगितलेलं नाही, आणि त्या बाईंनी त्याला तिसऱ्या बाकावर दुसऱ्या मुलाशेजारी बसवलं आहे. अजून तक्रार आलेली नाही. पण कुणी मागून जवळ आलं की त्याचा हात आधी डोक्यावर जातो. आणि मग दुसरा हात मारायला उठतो. हे नाकातून काढता येण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाल्या, झोप मिळाली म्हणजे शिकायची ताकद आली, शिकवावं तर लागेलच. ज्या वयात बाकीची मुलं ठोकळा मागायला शिकली, त्या वयात हा जागा राहण्यासाठी पळत होता.

मारुती घरी होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.  मग खाली बघून म्हणाले, “पट्टा टाकून दिला मॅडम. नाल्यात टाकला.” मी मान हलवली. ते म्हणाले, “दोन वर्षं मारला मी त्याला. कशाबद्दल मारत होतो तेच माहीत नव्हतं.” संचिता चहा गाळत होती, ती तशीच थांबली. मी म्हटलं, “तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलेलं होतं.” त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

मग साईनाथ आला. खालून, खेळता खेळता, पाणी प्यायला. तोंड मिटलेलं होतं. मी त्याचं मिटलेलं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. चेहरा वेगळाच दिसतो. हनुवटी आईची आहे. त्याने पाणी पिताना पेल्याच्या कडेवरून माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही त्या कोपरच्या मॅडम ना? मला काढलेलं त्या?”

संचिता म्हणाली, “अरे, असं बोलतात का?”

मी म्हटलं, “राहू दे. हो, मीच ती.”

“का काढलेलं?”

“तू मुलांना चावायचास म्हणून. पण तुला रात्री झोप मिळत नव्हती म्हणून तू तसा वागायचास. तुझ्या आईने मला सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही. माझं चुकलं, साईनाथ.”

चाळीस वर्षांच्या माणसाला आपण काहीतरी जास्त बोललो असतो. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं की नाही हे मला माहीत नव्हतं. त्याने पेला जागेवर ठेवला. विचार करत होता, हे दिसत होतं. मूल विचार करतं तेव्हा ते उभं राहतं तसा तो उभा होता, एका पायावर भार टाकून. पूर्वी तो इतका वेळ एका जागी उभा राहिलेला मला आठवत नाही.

“मला नाय यायचं परत तुमच्या शाळेत,” तो म्हणाला.

“तू आता मोठा झालास. तिकडे छोटी मुलं असतात.”

“मोठा नसतो झालो, तरी नसतो आलो.”

मारुती त्याला रागवायला गेले. मी त्यांना थांबवलं.

“बरोबर आहे तुझं,” मी साईनाथला म्हटलं.

त्याने एकदा मान हलवली, जसं आमच्यात काही ठरलं, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेला.

ताई